आपला तो बाब्या, आपला तो इतिहास

आम्हां डॉक्टरांच्या तोंडी 'हिस्टरी' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. 'नीट हिस्टरी घे', 'हिस्टरी जुळत नाही', 'नातेवाइकांकडून हिस्टरी घेतलीस का?' मिरजेच्या मेडिकल कॉलेजात वॉर्डात पाऊल टाकलं की पहिला धडा हाच असे. आमचे सर सांगत, पेशंट सहसा खोटं बोलत नाही, पण सगळंही सांगत नाही. सांगायला सोपं ते आधी सांगतो, जड जातं ते गाळतो, आणि पुष्कळदा आपण काही गाळतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून त्याचं बोलणं आदराने ऐकायचं, पण तिथेच थांबायचं नाही. बायकोला विचारायचं, मुलाला विचारायचं, जुने कागद मागवायचे.

शाळेत शिकवतात तो इतिहास म्हणजेही एक हिस्टरीच. फरक एवढाच की सांगणारा अख्खा समाज असतो आणि ऐकणारी दहा वर्षांची पोरं. उलटतपासणीचं त्यांचं वय नसतं. ती मुलं मोठी होतात, पदव्या घेतात, सातासमुद्रापार येतात, पण चौथीत ऐकलेली हिस्टरी तशीच डोक्यात राहते. तिला मोठेपणी प्रश्न विचारणं हा कृतघ्नपणा म्हणायचा की कर्तव्य? आणि दुसऱ्यांच्या इतिहासाला आपण जे प्रश्न विचारतो, तेच स्वतःच्या इतिहासाला विचारायला आपण बांधील आहोत का? बाप्पाच्या उत्सवाच्या स्मरणिकेत विषय जरा रुक्ष वाटेल, पण आपल्यासारख्या दोन देशांच्या लोकांना तो टाळता येण्याजोगा नाही.

सुरुवात आपल्या कार्डिफपासूनच करू. सिटी हॉलच्या संगमरवरी दालनात 'वेल्सचे वीर' म्हणून अकरा पुतळे आहेत. लॉईड जॉर्ज यांनी १९१६ साली त्यांचं अनावरण केलं. त्यांत एक पुतळा जनरल सर थॉमस पिक्टन यांचा. वॉटर्लूच्या लढाईत १८१५ साली मरण पावलेले ते सर्वांत वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी. वेल्समध्ये त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, स्मारकं आहेत. पिढ्यानपिढ्या मुलांनी ऐकला तो वॉटर्लूचा पिक्टन. त्याआधी ते त्रिनिदादचे गव्हर्नर होते आणि तिथल्या गुलामांवर त्यांनी क्रूर राज्य केलं, लुईसा काल्देरॉन नावाच्या चौदा-एक वर्षांच्या मुलीकडून चोरीचा कबुलीजबाब घेण्यासाठी तिला मनगटाला दोर बांधून खुंटीवर एक पाय टेकवून लटकवण्याची परवानगी त्यांनी दिली, हा भाग गाळला गेला. जुलै २०२० मध्ये कार्डिफ कौन्सिलने प्रचंड बहुमताने ठराव केला आणि तो पुतळा लाकडी खोक्यात झाकला गेला. पलीकडच्या राष्ट्रीय संग्रहालयाने पिक्टन यांचं भव्य चित्र भिंतीवरून उतरवलं आणि २०२२ मध्ये त्रिनिदादशी नातं असलेल्या कलाकारांच्या कामासोबत, संपूर्ण हकिगतीसह, नव्याने मांडलं.

शाळांतही बदल झाला. प्रोफेसर शार्लट विल्यम्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला आणि सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय, आशियाई आणि इतर अल्पसंख्य समाजांचा इतिहास शिकवणं सक्तीचं झालं. ब्रिटनमधल्या चार राष्ट्रांपैकी असं करणारं वेल्स पहिलं.

वेल्सने हे आधी का केलं असावं? माझ्या मते त्याचं उत्तर माझ्या म्हाताऱ्या पेशंटांकडे आहे. खाणीत आयुष्य काढलेले, दोन वाक्यांमध्ये दम लागणारे हे आजोबा श्वास मिळाला की गोष्टी सांगतात. इंग्लंडच्या राजांची यादी त्यांना शाळेत तोंडपाठ करून घेतली होती, पण शेजारच्या खोऱ्यात सेंगहेनिथच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी स्फोट होऊन ४३९ खाणकामगार गेले, ब्रिटनच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा खाण अपघात, हे त्यांना शाळेने नव्हे, आजीने सांगितलं. आपला इतिहास कुणी दुसऱ्याने लिहिला म्हणजे काय होतं, याचा वेल्श लोकांना जुना अनुभव आहे. इथल्या शिक्षणाची पाहणी करायला लंडनच्या सरकारने तीन इंग्रज वकील पाठवले, त्यांतल्या एकालाही वेल्श येत नव्हतं, आणि त्यांनी १८४७ साली निळ्या कव्हरच्या अहवालात लिहून टाकलं की ही माणसं अडाणी आणि अनीतिमान, आणि त्यांची भाषा हीच त्यांच्या प्रगतीतली धोंड. मेकॉलेसाहेबांचा १८३५ चा खलिता माहीत असलेल्या माणसाला हे वाचून ओळखीचं वाटल्याशिवाय राहत नाही.

हे सगळं झालं तेव्हा आपल्या मंडळींनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि त्याबद्दल मला आजही समाधान आहे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ, जालियनवाला बाग, पोविस किल्ल्यात ठेवलेला टिपूचा तंबू आणि क्लाइव्ह घराण्याने आणलेल्या इतर वस्तू, हे सारं इथल्या मुलांना कळलंच पाहिजे. मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

माझी मुलगी इथल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. नवा अभ्यासक्रम आल्यावर तिच्याकडे भारताच्या इतिहासावरचे काही पाठ आले. घरचीच शिदोरी म्हणून तिने शिवाजी महाराज निवडले. चित्रं, नकाशे, किल्ल्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती असं सगळं आम्ही दोघींनी मिळून केलं. मुलांना पाठ आवडला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाची आजी शाळेच्या दारात भेटली. कुटुंब मूळचं बांगलादेशातल्या सिल्हेटचं. आजीने नातवाच्या वहीतलं 'मराठा' हे नाव पाहिलं होतं. ती हसत हसत म्हणाली, 'अगं, तुमचे ते मराठे आमच्याकडे मुलांना झोपवायच्या गाण्यात आहेत.' संध्याकाळी मुलीचा फोन आला. 'आई, बर्गी म्हणजे काय?'

बर्गी म्हणजे आपला बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचं आणी तो शिलेदार. एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण बंगालीत हा शब्द शाळेच्या पुस्तकातून आला नाही, तो अंगाईतून आला. बाळ झोपलं, आळी शांत झाली, आणि देशात बर्गी शिरले, आता सारा कशाने भरायचा, असा त्या अंगाईचा आशय आहे. आपल्याकडे 'बागुलबुवा आला' म्हणतात, तिथे बर्गी आले. खुद्द सिल्हेटपर्यंत मराठी फौजा कधी पोचल्या नव्हत्या. गाणं मात्र पोचलं, आणि पावणेतीनशे वर्षांनी ते कार्डिफच्या एका शाळेच्या दारात माझ्या मुलीला भेटलं.

आता हकिगत. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर १७४२ साली फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. नबाब अलिवर्दीखानाकडून चौथाई वसूल करायची होती. नबाबाशी लढाया झाल्या, मुर्शिदाबादेत जगत्‌शेठाची हवेली लुटली गेली. पण खरा मार बसला तो गंगेच्या पश्चिमेकडच्या बर्दवानसारख्या भागांतल्या खेड्यांना. गावं जाळली, धान्य गेलं, विणकर आणि शेतकरी घरदार टाकून नदीपलीकडे पळाले. त्याच वर्षी भास्करपंतांनी काटव्याजवळ दाईंहाट इथे थाटामाटात दुर्गापूजा मांडली. ती पुरी होण्याआधीच नबाबाने छापा घातला आणि फौजेला मागे हटावं लागलं. पुढच्या वर्षी रघूजी स्वतः आले. आणि गंमत पाहा, त्यांना हटवायला नबाबाच्या मदतीला आले ते नानासाहेब पेशवे. म्हणजे 'मराठे विरुद्ध मोगल' हे चौथीतलं सरळ गणित इथे बसतच नाही. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा इथे वाटाघाटीसाठी बोलावून अलिवर्दीने भास्करपंतांची आणि त्यांच्या सरदारांची दग्याने कत्तल केली. त्यानंतरही स्वाऱ्या चालूच राहिल्या. १७५१ च्या तहात ओरिसाचा वसूल आणि सालाना बारा लाख चौथाई ठरली, तेव्हा कुठे त्या थांबल्या. मधल्या काळात कलकत्त्याच्या लोकांनी इंग्रजांच्या आश्रयाने शहराभोवती खंदक खणायला घेतला. 'मराठा डिच' म्हणून तो प्रसिद्ध आहे. प्लासीची लढाई त्या तहानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १७५७ मध्ये झाली.

हे सांगणारे सगळे इंग्रज किंवा मुसलमान होते, असंही म्हणता येत नाही. बर्दवानच्या दरबारातले पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांनी १७४४ मध्ये 'चित्रचंपू' हे संस्कृत काव्य लिहिलं, त्यात या स्वाऱ्यांची भीषण वर्णनं आहेत. गंगाराम नावाच्या कवीच्या बंगाली काव्याचं नावच मुळी 'महाराष्ट्र पुराण'. त्याची रचना मोठी विचार करण्याजोगी आहे. लोकांची पापं वाढली म्हणून देवांच्या इच्छेनेच मराठे बंगालवर येतात. पण ते ब्राह्मणांना आणि वैष्णवांना छळू लागतात, बायकांवर अत्याचार करू लागतात, तेव्हा देवी कोपते आणि भास्करपंतांची बाजू सोडून नबाबाची बाजू घेते. आपल्याच धर्माचा एक कवी आपल्याच देवीला आपल्याविरुद्ध उभी करतो. त्याने काय पाहिलं असेल?

माझी पिढी चौथीच्या 'शिवछत्रपती'वर वाढली. त्या पुस्तकाने आम्हांला ताठ मानेने उभं राहायला शिकवलं. अफझलखान, पावनखिंड, आग्र्याहून सुटका, सिंहगड, यातलं काहीही मी विसरायला तयार नाही. पण पुढच्या इयत्तांमध्ये बंगालची गोष्ट आली ती माझ्या आठवणीप्रमाणे एका ओळीत. रघूजींनी बंगालपर्यंत मजल मारली आणि ओरिसा मिळवला. वाक्य खोटं नाही. माझ्या सरांच्या भाषेत सांगायचं तर पेशंट खोटं बोलला नाही, त्याने गाळलं. पिक्टन वॉटर्लूवर पडले हे वाक्यही खोटं नव्हतं.

मग आपण काय करायचं? आपल्यात एक म्हण आहे, 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.' सिटी हॉलमधल्या पुतळ्यावर खोकं बसलं की टाळ्या, आणि अंगाईतल्या बर्ग्यांची गोष्ट निघाली की 'कशाला उकरून काढता?' या दोन गोष्टी एका तोंडी शोभत नाहीत. हे म्हटलं की तीन आक्षेप येतात. तिन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून एकेक घेऊ.

पहिला आक्षेप, आजच्या फूटपट्टीने तेव्हाच्या लोकांना मोजू नका. बरोबर आहे, मोजू नये. मग तेव्हाचीच फूटपट्टी घेऊ. पिक्टन यांच्यावर लुईसाच्या छळाचा खटला १८०६ साली लंडनमध्ये, त्यांच्याच देशबांधवांसमोर चालला आणि ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं. पुढे कायद्याचा कीस काढून ते सुटले ही गोष्ट वेगळी, पण हे कृत्य वाईट आहे असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती. आणि आपल्याकडची फूटपट्टी? ती तर खुद्द महाराजांनीच घालून दिली आहे. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना गेलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणागोटा जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचं धान्य, भाजी, गवत, लाकूड ओढून आणाल आणि लोक म्हणतील की याहून मोगल बरे. उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत त्यात काळजी केली आहे. हे पत्र आणि बंगालची पहिली स्वारी यांत सुमारे सत्तर वर्षांचं अंतर. मग बर्गींना मोजायला एकविसाव्या शतकातली माणुसकी आणायची गरजच काय? चिपळूणचं पत्र पुरे आहे. उलट त्या पत्राचं मोल कळतं ते बंगालची हकिगत शेजारी ठेवल्यावरच. त्या काळी सगळेच लुटत असत, अशी सबब आपण बर्ग्यांसाठी देऊ, तर महाराजांचं वेगळेपण आपल्याच हाताने पुसून टाकू.

दुसरा आक्षेप, आपल्या चुका आपण बोललो तर इतर लोक त्यांचा आपल्याविरुद्ध वापर करतील. करतीलही. पण विचारणारा पुरावा घेऊन आला आणि आपल्या मुलाने तो त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला, तर काय होईल? मुलाला वाटेल, आईबाबांनी हे लपवलं, मग आणखी काय काय लपवलं असेल? फॅमिली हिस्टरी विचारताना मी पेशंटला नेहमी सांगते की आजोबांना मधुमेह होता हा नातवाचा गुन्हा नव्हे, त्याला त्याची शिक्षाही नाही. पण त्याला माहीत असायला हवं. बर्दवानच्या गावांसाठी आज कुणा मराठी मुलाने मान खाली घालायची नाही. त्याने फक्त ती गोष्ट ऐकून घ्यायची आणि शेजारच्या बंगाली मुलाला 'हो, असं झालं होतं' म्हणायची तयारी ठेवायची. इंग्रजांकडून आपण तरी याहून अधिक काय मागतो?

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा, आणि तो परदेशातल्या आईबापांचाच असतो. 'इथे मुलांना आधीच मराठीपण जेमतेम उरलंय. शाळेत ती दोन-चारच असतात. त्यांना थोडा अभिमान देऊ या, चिकित्सा मोठेपणी करतील.' ही काळजी मला समजते. मीही इथेच मूल वाढवलं आहे. सहा वर्षांच्या मुलाला गोष्टच सांगावी, दुष्काळ आणि कत्तली सांगू नयेत. औषधाचा डोस वयाप्रमाणे असतो. पण डोस कमी देणं वेगळं आणि औषध बदलणं वेगळं. सहाव्या वर्षी सांगितलेली गोष्ट सोळाव्या वर्षी मोडावी लागू नये, ती वाढवता यावी. फुग्यासारखा अभिमान पहिल्या टाचणीला जातो. मी अशी मुलं पाहिली आहेत, ज्यांनी एक दोष कळताच सगळाच वारसा टाकून दिला. 'सगळं थापाच होत्या' म्हणून मोकळी झाली. त्यांना अभिमान कमी मिळाला नव्हता, ठिसूळ मिळाला होता.

प्रश्न विचारणं हे काही पाश्चात्त्यांकडून शिकलेलं खूळ नव्हे. मराठी इतिहासलेखनाची सुरुवातच शाळेतल्या इतिहासाला प्रश्न विचारण्यातून झाली. साताऱ्याला कंपनीचे अधिकारी असलेल्या ग्रँट डफ यांनी १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. कॅप्टन डेव्हिड केपन यांनी त्याचं मराठी केलं आणि ती 'बखर' शाळांमधून वाचली जाऊ लागली. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने तिच्यावर सविस्तर टीका लिहिली. साहेबाच्या छापील पुस्तकाला एका पोरसवदा मराठी माणसाने 'पुरावा काय?' असं विचारलं. त्या वाटेने पुढे राजवाडे आले. गावोगाव हिंडून, वाड्यांतली दप्तरं चाळून त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. आणि हे प्रश्न फक्त साहेबाला विचारले गेले नाहीत. महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी १६२७ सालचा, असं पिढ्यांनी मानलं. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी तिथी निघाली. वाद अनेक दशकं चालला. अखेर २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एक तारीख बदलायला इतका काळ लागला, पण महाराज त्याने तसूभरही लहान झाले नाहीत.

मात्र एक पथ्य सांगायला हवं. प्रश्न विचारणं म्हणजे पाटी उलटी करणं नव्हे. काल देव होता तो आज राक्षस, एवढंच केलं तर हिस्टरी पुन्हा अर्धीच राहिली. वेल्सचंच उदाहरण घ्या. वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात 'वेल्श नॉट' नावाची लाकडी पट्टी अडकवत, हे आपण सेंट फेगन्सच्या संग्रहालयात पाहिलं असेल. इंग्रज सरकारने केलेला जुलूम म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. इतिहासकारांनी कागद पाहिले तेव्हा दिसलं की ते सरकारी धोरण कधीच नव्हतं. पट्टी गळ्यात घालणारे पुष्कळदा वेल्श मास्तरच होते, आणि मुलाला इंग्रजी यावं म्हणून आईबापांचीही त्याला संमती असे. जुलूम खोटा ठरला नाही, पण गोष्ट अवघड झाली. आपल्या मुलांशी घरात फक्त इंग्रजी बोलणाऱ्या कुणालाही ती अवघड गोष्ट चटकन उमजेल. सोसणाऱ्याच्या हिस्टरीलाही प्रश्न विचारावे लागतात, ते असे.

हे काम एकट्याने होत नाही, दोन्हीकडची माणसं लागतात. त्याचा सुंदर दाखला आपल्याकडे आहे. 'मराठी रियासत' लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई आणि शिवाजी महाराजांचं व मोगलांचं संशोधन करणारे सर जदुनाथ सरकार. एक मराठी, दुसरे बंगाली, ज्यांच्या पूर्वजांच्या मुलखात बर्गी शिरले होते. पन्नासच्या वर वर्षं दोघांची मैत्री टिकली. पत्रव्यवहार अखंड चालला, जदुनाथ कामशेतला सरदेसायांच्या घरी येऊन राहत. दोघांचे मतभेद होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. जदुनाथांनी बंगालमधल्या स्वाऱ्यांबद्दल कठोर लिहिलं, सरदेसायांनी त्याच स्वाऱ्या मराठी बाजूने मांडल्या. पण कागद दोघे एकमेकांना दाखवत. बंगालची हकिगत मराठी इतिहासकारांनी कधी दडवली नव्हतीच. ती फक्त त्यांच्या जाड ग्रंथांतून आपल्या पातळ पाठ्यपुस्तकांत उतरली नाही.

कार्डिफमध्ये आपल्याला ही सोय सहज आहे. आपला गणपती उठला की काही दिवसांत इथल्या बंगाली मंडळींची दुर्गापूजा येते. आपण जातो, खिचडी आणि भाजा खातो, फोटो काढतो. रविवारच्या मराठी वर्गातल्या थोड्या मोठ्या मुलांनी आणि त्यांच्या मुलांनी एकदा एकत्र बसून भास्करपंतांची गोष्ट दोन्ही बाजूंनी मांडली तर? एका बाजूला चौथाईचं राजकारण आणि मानकऱ्याचा दगा, दुसऱ्या बाजूला जळलेली गावं आणि ती अंगाई. मुलं भांडतील, प्रश्न विचारतील, पण कुणाचा वारसा त्यात बुडणार नाही.

शेवटी ज्याच्या उत्सवासाठी ही स्मरणिका निघते त्याच्याकडे वळू. आपल्या परंपरेत महाभारताला 'इतिहास' म्हटलं आहे. व्यासांनी तो सांगितला आणि गणपतीने लिहून घेतला, अशी कथा आहे. लेखणी थांबणार नाही, ही गणपतीची अट. त्यावर व्यासांची अट अशी की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. हा इतिहास पुढे वाचला गेला तो जनमेजयासमोर. जनमेजय म्हणजे अर्जुनाचा पणतू, जिंकलेल्या बाजूचा वारस, गादीवर बसलेला राजा. त्याच्या भर दरबारात वैशंपायनांनी काय काय सांगितलं? पणजोबांच्या थोरल्या भावाने द्रौपदीला पणाला लावलं. अश्वत्थाम्याबद्दल अर्धसत्य बोलून गुरूला मारवलं, आणि त्या क्षणी धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. यातलं काहीही गाळलं नाही. जनमेजय उठून गेला नाही, त्याने पुढचा प्रश्न विचारला. पांडव त्यामुळे कुणाच्या मनातून उतरले नाहीत. रथ टेकलेला दिसतो म्हणूनच तो आधी अधांतरी चालत होता यावरही आपण विश्वास ठेवतो.

असा इतिहास लिहून घेणारी देवता आपण घरात बसवतो. मुलांना गोष्टी सांगताना तिची ती एक अट आपणही पाळावी, कळल्याशिवाय लिहू नये आणि कळलेलं गाळू नये, एवढीच बुद्धी बाप्पाने आपल्या सर्वांना द्यावी.

गणपती बाप्पा मोरया!